हॅलिफॅक्सच्या हैवानाचा कप

प्रताप ऑफिसातून घरी आला तेव्हा त्याचे वडील बाथटबच्या काठावर बसून एका भल्यामोठ्या काळ्याठिक्कर कपाला चिंच चोळत होते.

"बाबा, हे काय?"

"कप. खाली फुटपाथवर पडला होता. काय काय टाकून देतात रे ही माणसं! एक खुर्ची तर इतकी चांगली होती, मी उचललीसुद्धा होती."

"तो श्पेरम्यूल असतो. घरातलं नको असलेलं मोठं सामान ठरलेल्या दिवशी बाहेर काढून ठेवतात. मग गाडी येऊन नेते."

"म्हणजे आपण घेतलं तर चोरी नाही ना?"

"नाही, पण..."

"मग झालं तर," असं म्हणून पद्माकररावांनी चिंचेचा नवा गोळा घेतला. सुनेची, विभावरीची, ही महिन्याची चिंच होती आणि ती आणायला फ्रँकफर्टपर्यंत जावं लागे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पद्माकरराव कराडच्या हायस्कुलातून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. सहा महिन्यांसाठी मुलाकडे जर्मनीत एश्बॉर्नला आले होते. पत्नी लताबाई गुडघ्यांमुळे मागेच राहिल्या होत्या. मुलगा दिवसभर ऑफिसात, टीव्ही जर्मनमध्ये आणि शेजारी हसून निघून जाणारे. दिवसाला अर्थ यायचा तो संध्याकाळी, सुनेबरोबर कॅरम खेळताना. कारण तिथे ते जिंकत. रोज जिंकत. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या कॅरम स्पर्धेत त्यांनी प्रतापला आपलं नाव द्यायला लावलं होतं. मंडळ प्लॅस्टिकची ट्रॉफी देतं हे कळल्यावर कपाची जबाबदारीही स्वतःकडे घेतली होती.

"कप मीच देणार आणि मीच परत घरी आणणार," असं ते जेवताना सांगत. तेव्हा प्रताप आणि विभावरी आपापल्या ताटात बघत.

चिंचेने काळेपणा गेला. त्याच्यामागोमाग चांदीचा मुलामाही ठिकठिकाणी गेला आणि कपाला कोड फुटल्यासारखं झालं. पण अक्षरं वर आली. उत्तर इंग्लंड, व्यावसायिक कुस्ती, विजेता. त्याखाली १९५६पासूनची नावं होती.

"कुस्ती!" पद्माकरराव उठून उभे राहिले. कराडच्या माणसाला हा शब्द बसून उच्चारता येत नाही.

"छान. यावर मंडळाच्या नावाची पट्टी मारून टाकू," प्रताप म्हणाला.

"दुसऱ्याच्या नावावर आपलं नाव? त्याला न विचारता? आधी हा कप कुणाचा ते शोधायचं."

ऑर्कुटचा जमाना होता. जगात काहीही विचारायला कुठेतरी एक गट असायचाच. जुन्या ब्रिटिश कुस्तीच्या शौकिनांच्या गटात प्रतापने कपाचे फोटो टाकले. पहिलं उत्तर लगेच आलं, "काहीही करा, पण तो घासू नका." पद्माकररावांनी चिंचेची वाटी निमूटपणे ओट्यावर नेऊन ठेवली.

पुढची उत्तरं मात्र डोकं फिरवणारी होती. लीड्सच्या एकाने लिहिलं, ५८ सालची फायनल आमच्या काकांनी लीड्समध्ये जिंकली. ब्लॅकपूलच्या बाईंनी कळवलं, छे, ती आमच्या वडिलांनी ब्लॅकपूलमध्ये जिंकली. हल गावाहून तिसऱ्याने आपल्या आजोबांचा हाच कप उंचावलेला फोटो पाठवला.

"एका वर्षात तीन फायनल?" पद्माकरराव संतापले. "पंच काय झोपा काढत होते?"

"गेनाऊ," प्रताप म्हणाला.

"मराठीत बोल."

"म्हणजे, बरोबर. पण बाबा, गंमत बघा. जिंकणारे तीन, हरणारा मात्र तिन्ही गावांत एकच आहे. वॉल्टर ओल्डरॉइड ऊर्फ हॅलिफॅक्सचा हैवान." स्क्रीनवर एक दाढीवाला पंचाचीच मानगूट धरून उभा होता.

चहा घेऊन आलेली विभावरी वाकून बघू लागली. "ओल्डरॉइड? अहो बाबा, हे नाव तर समोरच्या इमारतीच्या बेलवर आहे. ते घरी नसले की त्यांची पार्सलं मी घेते. इतके गरीब आहेत बिचारे, एका पार्सलला तीनदा थँक्यू म्हणतात."

शनिवारी हैवान चहाला आला. टाय, काठी आणि हातात विभावरीसाठी फुलं. बसताना त्याने खुर्चीचीसुद्धा परवानगी घेतली. कुस्तीचे तंबू जर्मनीत यायचे त्या काळात तो आला, हानेलोर नावाच्या जर्मन मुलीच्या प्रेमात पडला आणि इथलाच झाला. आता हानेलोर नव्हती, आणि तो वृद्धाश्रमात जायच्या तयारीत होता. तिथल्या खोलीत फार सामान मावत नाही.

"तुम्ही कप नेलात ते मी खिडकीतून पाहिलं," तो म्हणाला. "खुर्चीही न्यायची होती. चांगली आहे."

पद्माकररावांनी हायस्कूलमधलं इंग्रजी सरसावलं. "एका वर्षात तीन फायनल कशा झाल्या?"

"तीनच? मला तर जास्त आठवतात. जिथे तिकिटं खपायची तिथे फायनल. जिंकणारा त्या गावचा. दुपारी चहा पिताना ठरायचं."

पद्माकरराव मुलाकडे वळले. "प्रताप, याला विचार, लुटुपुटूची होती का?"

'लुटुपुटू'ला इंग्रजी शब्द प्रतापला सापडेना. शेवटी तो नुसता "फिक्स्ड?" म्हणाला. म्हातारा मोकळेपणी हसला.

"हरणार हे ठरलेलं असायचं. पडणं खरं असायचं." त्याने कमरेच्या हाडावर काठी टेकवली. "आणि लोक खूश होऊन घरी जायचे, तेही खरंच."

"मग विजेत्यांचा कप तुमच्याकडे कसा?"

"कुस्त्या भरवणारी कंपनी बंद झाली तेव्हा या सगळ्यांनी मिळून मला दिला. म्हणाले, वॉल्टर, तू नसतास तर आम्ही हरवलं कुणाला असतं?"

आयुष्यभर शाळेतल्या मुलांना पद्माकररावांनी एकच शिकवलं होतं, खेळ खरा हवा. अवघडलेपण घालवायला विभावरीने कॅरम मांडला. डाव नेहमीसारखाच रंगला. पद्माकरराव पुढे, विभावरी थोडीशीच मागे. तिची एक सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी होती. स्ट्रायकर गेला आणि सोंगटी केसभराने हुकली.

"अरेरे!" विभावरी म्हणाली.

ओल्डरॉइडने टाळ्या वाजवल्या. "वा, मॅडम! कुठे शिकलात?"

"काय?"

"चुकणं. नवखा माणूस आधीच चुकतो, ते प्रेक्षकाला कळतं. तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी चुकलात. मला हे जमायला किती वर्षं लागली!"

विभावरी लाल झाली. प्रताप खिडकीबाहेर बघू लागला. म्हाताऱ्याला आपण काय केलं ते उमगलं आणि तो तीनदा थँक्यू म्हणून उठला. कप काही त्याने परत घेतला नाही.

दार लागल्यावर पद्माकररावांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही आल्यापासून," विभावरी पुटपुटली. "कॉलेजात असताना मी युनिव्हर्सिटी चॅम्पियन होते, बाबा. पण आईंनी फोनवर बजावलं होतं. हरले की रात्रभर कूस बदलत राहतात, म्हणाल्या."

"लताला काय कळतं कॅरममधलं?"

प्रताप खाकरला. "बाबा, आईसुद्धा..."

"लग्नापासून?"

"हो."

पद्माकररावांना राग आला, लाज वाटली, आणि मग आपण फसवले गेलो आहोत की सांभाळले गेलो आहोत तेच त्यांना कळेना. कराडच्या घरात दिव्याखाली समोर बसलेली लता त्यांना दिसली. सोंगटी हुकली की कपाळाला हात लावणारी. तिची अशी आठवण त्यांना इथे आल्यापासून आली नव्हती.

"मांड," ते म्हणाले. "आज खरं खेळायचं."

विभावरीने खरं खेळून दाखवलं. पद्माकररावांची पाळी येईपर्यंत बोर्डवर त्यांच्याच सोंगट्या उरल्या होत्या.

"परत."

दुसऱ्या डावातही तेच झालं. पद्माकररावांनी बोटांची पावडर पुसली आणि मुलाला म्हणाले, "स्पर्धेतून माझं नाव काढ, हिचं घाल. आणि कपाला पट्टी लाव, पण मागच्या बाजूला. त्या पट्टीवर मंडळाचं नाही, ओल्डरॉइडचं नाव हवं." मग विभावरीकडे वळून ते म्हणाले, "अजून एक."

तिसरा डाव शेवटाला आला तेव्हा दोघांचीही एकेकच सोंगटी राहिली होती. विभावरीची अगदी पॉकेटच्या तोंडाशी. स्ट्रायकर सरळ गेला, आणि शेवटच्या क्षणी सोंगटी कडेला घासून तिथेच राहिली.

"अरेरे!" विभावरी म्हणाली.

पद्माकररावांना आज ते स्वच्छ दिसलं. काय सुरेख चुकली होती! त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, स्ट्रायकर लावला आणि आपली सोंगटी घेतली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "अजून हात आहे माझा!"

आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका खरा होता की ओल्डरॉइड तिथे असता तर त्याने पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या.