एकशे चव्वेचाळीसचा हट्ट

आमच्या शेजारच्या परबकाकांनी देवाला विचारल्याशिवाय आजवर गाडीचा टायरसुद्धा बदललेला नाही. घरात काही अडलं की ते नारळ घेतात आणि देवळात जाऊन कौल लावतात. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नकार्याला कौल लावायची रीत सगळ्यांचीच, पण वॉशिंग मशीन कुठल्या खोलीत ठेवावं हे देवाला विचारणारे परबकाका एकटेच. "देवाक इचारलंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न, मग तुम्ही त्यांना काहीही सांगायला जा.

काका मूळचे पेडण्याचे. खाण चालू होती तेव्हा त्यांनी शिरगावहून टिप्पर भरभरून खनिज वाहिलं. खाण बंद पडल्यावर टिप्पर विकला आणि इथे सर्वणला घर बांधलं. तेव्हापासून आमची दोन घरं एकाच कुंपणाला टेकून आहेत. मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, म्हणजे मुलं शिकतात आणि मी वर्गात उभी असते. पण काकांच्या हिशेबी मी त्या विषयातली भटजी.

त्यांची लेक परदेशी असते. मागच्या खेपेला ती एक जुना लॅपटॉप आणि तिच्या नवऱ्याने गेम खेळायला घेतलेला भलामोठा मॉनिटर ठेवून गेली. कारण काकी. काकींना गेली काही वर्षं अजिबात ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखतात. डोळेही अधू, तेव्हा फोनवरच्या बोटभर तोंडाचे ओठ त्यांना कुठले दिसायला! मोठ्या पडद्यावर लेकीचं तोंड सुपाएवढं दिसतं आणि काकी रविवारी तिच्याशी खरोखर बोलू शकतात.

म्हणजे, बोलू शकल्या असत्या. मॉनिटर मधेच काळा व्हायचा. दोन क्षण अंधार, की परत चित्र. "पडदो डोळे मिटता गो बाय!" म्हणत काका कुंपणापाशी आले. काळोख झाला की लेकीचं वाक्य मधेच तुटायचं आणि काकी नुसत्या हसून मान हलवायच्या. लेकीला वाटायचं आई दमली, आणि ती फोन लवकर ठेवायची. काकी मग बराच वेळ त्या रिकाम्या पडद्यासमोर बसून राहायच्या. मला ते बघवत नसे.

काकांनी अर्थातच आधी कौल लावला होता. दोष लॅपटॉपात? डावी. मॉनिटरात? डावी. वायरीत? उजवी! लगेच म्हापशाहून नवी वायर आली. पडदा तरी डोळे मिटतच राहिला. "देव चुकाचो नाय. वायरच चुकली," असं म्हणून त्यांनी आणखी एक वायर आणली. तीही तशीच.

मी इंटरनेटवर वाचलं तेव्हा डोकं आणखीनच फिरलं. एक म्हणे ड्रायव्हर बदला, दुसरा म्हणे आधीचाच बरा होता. एवढं कळलं की पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढतो त्याला रिफ्रेश रेट म्हणतात. सेटिंगमध्ये तो एकशे चव्वेचाळीसवर होता. कोणी ठेवला? काकांनी! खोक्यावर तोच आकडा छापलेला होता ना! मी साठ केला. पडदा थाऱ्यावर आला. मी घरी येऊन ऐटीत चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी पडदा परत डोळे मिटू लागला. बघते तर एकशे चव्वेचाळीस.

"काका, तुम्ही वाढवलात?"

"मगे? येवढो दांडगो मॉनिटर साठार चलवतंय? टिप्पर घेवन सगळी वाट पयल्या गेरार जातलंय काय?"

मी कमी करायचे, ते वाढवायचे. जुना लॅपटॉप, वायर खोचायचं त्याचं ते जुनं भोक, तिथून एवढं चित्र वाहत नसेल, असं मी माझ्या अंदाजाने समजावलं. काका शांतपणे ऐकून म्हणाले, "देवाक इचारलंय?"

आता रागाच्या भरात माणूस काय करील सांगता येत नाही. मी म्हटलं, "चला, विचारू!" आणि शाळेला रजा टाकून त्यांच्याबरोबर देवळात गेले. भटजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण गाऱ्हाणं मात्र खणखणीत घातलं. "देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घरात जो पडदो डोळे मिटता, तेका साठार थारो घालूचो काय, तां आज सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका ओरडले. माझ्याही तोंडून निघून गेलं.

उजवी पडली. काकांनी घरी येऊन स्वतःच्या हाताने साठ केले आणि पुन्हा त्या आकड्याला हात लावला नाही. मग वायरीचा कौल उजवा का पडला, आणि मी नक्की दुरुस्त काय केलं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या रविवारी मात्र मायलेकी पोटभर बोलल्या.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. वार रविवार नव्हता, तरी काकी मॉनिटरसमोर बसलेल्या. पडद्यावर सुपाएवढं तोंड होतं ते काकांचं. मी चक्रावले. परसात गेले तर काका विहिरीपाशी पालथ्या बादलीवर बसून फोन हातभर लांब धरून बोलत होते. मला बघून ओशाळले.

"काका, त्या तर आत बसल्यात! समोर जाऊन बोला की."

"समोर?" ते खाली बघत म्हणाले. "येकामेकाच्या तोंडाकडे बघान बोलूची आमका सवयच नाय गो. ती रांदपात आणि मी वसरेर, तशेच हाका मारून बोललों जल्मभर. तिचे कान गेले आणि मगे बोलूचाच ऱ्हवला."

काकांनी घसा साफ केला आणि फोनमध्ये एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "काल माशांचा हुमण... बरा झालेला."

आतून काकींचा आवाज आला. ऐकू येत नसलेल्या माणसाचा असतो तसा, अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल एवढा मोठा.

"तां कालच सांगूक व्हया होता!"

काकांनी सदऱ्याच्या टोकाने फोन पुसला आणि आपलं तोंड त्याच्या आणखी जवळ नेलं.