खजुराचा शुक्रवार

माझ्या हाती सोपवलेली कुठलीही गोष्ट आजवर दगावलेली नाही! ही बढाई नव्हे, इथे बर्फाळ उत्तरेतल्या आमच्या योएन्सूत कुणालाही विचारा. आयुष्यभर मी या गावात बस चालवली. उणे तीस असो, समोर बर्फाची भिंत असो, उर्पोच्या बसमध्ये बसलेला माणूस घरी पोचलाच पाहिजे. थोडा उशिरा, पण जिवंत.

त्यामुळे सिनिक्का, म्हणजे माझी बायको, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ओउलूला निघाली आणि दारात अडून उभी राहिली, तेव्हा मला हसू आलं.

"खजूर सांभाळशील ना रे?"

"अगं, आख्खी बस सांभाळली मी! एक झाड काय घेऊन बसलीस?"

"बस बंद पडली तर ढकलता येते. हे बघ उर्पो, तू काही करू नकोस. थोडं पाणी घाल आणि बाकी काहीही करू नकोस. तेवढं जमलं तरी पुष्कळ."

आता या खजुराचं जरा सांगायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात आम्ही खजूर खाल्ला आणि त्यातली एक बी हिने कॉफीच्या रिकाम्या डब्यात खोचली. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. ती बी उगवली. डब्यातून कुंडीत गेली, कुंडीतून मोठ्या कुंडीत, आणि आज ते झाड माझ्या कानाला लागतं. आमच्या शेजारपाजारचे लोक दर हिवाळ्यात विमानाने दक्षिणेला जातात आणि भाजून परत येतात. आम्ही कधीच गेलो नाही. सुट्टी लागली की मला हलणाऱ्या कुठल्याही वस्तूत बसायची शिसारी यायची. सिनिक्काने त्यावरून एकदाही कटकट केली नाही. डिसेंबरात दुपारीच अंधारून आलं की ती खजुराखाली खुर्ची ओढते, कॉफीचा कप मांडीवर घेते आणि डोळे मिटते. एकदा मी विचारलं, "कुठे आहेस?" तर म्हणाली, "गप्प बस. लाट येतेय."

तर असं हे झाड. जगातलं दुसरं काहीही मोडलं असतं तरी मी बाजारातून नवीन आणू शकलो असतो.

पहिला आठवडा मी खरोखर काही केलं नाही. फार अवघड गेलं, पण नाही केलं! मग तो मंगळवार उजाडला. फेब्रुवारीतलं पहिलं खरं ऊन पडलं. इथल्या माणसाला हे ऊन दिसलं की त्याची मती फिरते. बाहेर उणे अठरा, आणि लोक बसथांब्यावर भिंतीला पाठ लावून, चेहरे वर करून, डोळे मिटून उभे! अशा वेळी त्यांच्यासमोरून बस निघून गेली तरी त्यांना पत्ता लागत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या गॅलरीला काचा आहेत. त्या उन्हात काचेआड इतकी ऊब भरते की मी सदरा काढला. आणि आत बिचारा खजूर अंधाऱ्या कोपऱ्यात! माझं मन भरून आलं. वाळवंटातलं झाड, त्याने फक्त आमच्या छताचा दिवा बघितलेला. आपण एवढं ऊन खायचं आणि त्याने खायचं नाही?

कुंडी ओढत गॅलरीत आणली. शेजारी खुर्ची टाकली. कॉफी घेतली. पानांतून ऊन गालावर सांडत होतं, कुठेतरी छपरावरून पाणी ठिबकत होतं, आणि मी पहिल्यांदाच सिनिक्कासारखे डोळे मिटले. खरं सांगतो, लाट आली! हळूच आली, पायांवरून गेली, परत आली. वाळू गरम होती. मग बराच वेळ काहीच नव्हतं, नुसतं सोनेरी.

जाग आली तेव्हा मिशीला बर्फ लागला होता. ऊन समोरच्या इमारतीमागे कधीच बुडालं होतं, आणि गॅलरीची एक काच मीच हवेसाठी उघडी ठेवली होती! खजुराची पानं उकडलेल्या पालकासारखी खाली लोंबत होती. सिनिक्का म्हणाली होती काही करू नकोस, आणि मी हात दाखवून अवलक्षण केलं होतं.

नेमका फोन वाजला.

"खजूर कसा आहे?"

"मजेत! आज ऊन खाल्लं त्याने."

"घरात कुठे ऊन येतं?"

"आलं थोडं. तुझ्या बहिणीचा गुडघा काय म्हणतो?"

फोन ठेवला. सिनिक्का सोमवारी परतणार होती. तोवर झाड उभं राहिलं नाही तर तिची खुर्ची कशाखाली ठेवायची, हा एकच विचार डोक्यात भणभणत होता.

मग सुचलं. सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची आमची खोली! आमच्याकडे माणसाला काहीही झालं तरी आधी सौनात नेतात आणि मग डॉक्टरकडे. माझा जन्म सौनातला, माझ्या बापाची कंबर सौनाने बरी केली. थंडी बाधलेल्या झाडाला दुसरं काय लागणार? पण इमारतीचा सौना तळघरात, आणि प्रत्येक घराचा वार ठरलेला. आमचा शुक्रवार. शुक्रवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी खालच्या मजल्यावर माझा मित्र वेइक्को राहतो त्याच्याकडे गेलो.

"वेइक्को, तुझा बुधवार मला दे."

वेइक्कोच्या हातातला मासेमारीचा गळ खाली पडला. आमच्याकडे एक वेळ माणूस मूत्रपिंड देईल, सौनाचा वार देणार नाही.

"कुणी गेलं का रे?"

"अजून नाही. थंडी बाधलीय. नाजूक आहे."

"कोण?"

"ते नको विचारूस, लेका. सिनिक्काला कळलं तर मेलोच मी!"

त्याची बायको ऐला सिनिक्काची जिवलग मैत्रीण, म्हणून मी तोंड घट्ट मिटलं. वेइक्को पडलेला गळ उचलायला वाकला. मग म्हणाला, "घे बुधवार. मला काही सांगू नकोस." मित्र असावा तर असा, असं मला वाटलं.

बुधवारी संध्याकाळी मी झाडाला सिनिक्काचा मेंढीच्या कातड्याचा कोट गुंडाळला. जिन्यात गारठा असतो ना! शेंड्याला लोकरीची टोपी, मधे मफलर. लिफ्ट नाही, म्हणून कवेत घेऊन एकेक पायरी उतरलो. दर मजल्यावर दम खायला थांबायचो आणि त्याला धीर द्यायचो. "थोडंच राहिलं हं, राणी. आत्ता गरम गरम वाटेल बघ." जपून न्यायची ती प्रत्येक गोष्ट माझ्यासाठी राणीच, माझी बससुद्धा.

आता आमच्या लोकांची एक खोड. जिन्यात शेजारी भेटून बोलावं लागू नये म्हणून आम्ही बाहेर पडण्याआधी दाराच्या भोकातून बघतो. कुणी असलं तर ते जाईपर्यंत आत चिडीचूप उभं राहायचं. म्हणजे मी दम खात होतो तेव्हा प्रत्येक दारामागे एकेक डोळा भोकाला लागलेला होता. हे मला तेव्हा कुठलं कळायला!

सौनातला तो तास मात्र विसरणार नाही. भट्टी अगदी मंद ठेवली. दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफ सुस्कारा सोडून वर जायची आणि पानांवरून हळूहळू खाली यायची. आम्ही दोघं गप्प. सिनिक्का इतकी वर्षं या झाडाखाली बसून काय बघत होती, ते मला थोडं थोडं दिसायला लागलं होतं, आणि तिला खराखुरा समुद्र आपण कधी दाखवला नाही याचं वाईट वाटत होतं.

गुरुवारी जिन्यात हिल्काबाई भेटल्या. इमारतीच्या अध्यक्षा. आमच्याकडे अध्यक्षांना तरी बोलावंच लागतं.

"उर्पो, सौनात दोघं जण गेलात तर बाक पुसून बाहेर यावं."

म्हणजे यांनी पाहिलं होतं! मी कसनुसा हसलो. "ती बाकावर बसत नाही हो हिल्काबाई. खालीच उभी असते."

"उभी?"

"आणि घाम तर तिला येतच नाही. पण कृपा करून सिनिक्काला सांगू नका. सोमवारपर्यंत मी सगळं निस्तरतो."

हिल्काबाईंचा चेहरा मिठाच्या हेरिंग माशासारखा ताणला गेला. एका झाडासाठी बाई इतक्या मनाला लावून घेतात, याचं मला कौतुक वाटलं. संध्याकाळी ऐला समोरून आली आणि मान न हलवता निघून गेली. तेही आमच्याकडे नेहमीचंच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी पुन्हा कोट, टोपी, मफलर, जिना. आमचा हक्काचा वार! पानं अजून लोंबतच होती, पण मधला कोवळा कोंब मला जरा ताठ वाटला. निदान वाटावा अशी फार इच्छा होती. मी वरच्या बाकावर आडवा झालो. वाफ आली. लाट आली. यावेळी सिनिक्काही होती, अनवाणी, हातात चपला घेऊन पाण्याकडे चाललेली. मी तिला हाक मारत होतो, "अगं, थांब, मी येतो!" आणि ती वळून हसत होती.

"मी येतो!" असं प्रत्यक्षात ओरडतच मी उठलो, तेव्हा दारात हिल्काबाई आणि ऐला टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. आमच्यानंतरची वेळ इमारतीतल्या सगळ्या बायकांची! आणि सौनात माणूस असतो तसाच मी होतो, उघडानागडा. उडी मारून झाडामागे गेलो. पण पानं सगळी खाली लोंबलेली! लपायला उपयोग शून्य!

"कुठेय ती?" हिल्काबाई गरजल्या.

"कोण ती?"

"मेंढीच्या कोटातली! सगळ्या जिन्याने पाहिलंय तिला!"

मी एका हाताने लाज राखली आणि दुसऱ्या हाताने झाड दाखवलं. मग ऐला पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता तिने एक पान हातात घेतलं आणि तिचं हसू थांबलं.

"अरे, हा सिनिक्काचा खजूर ना? काय करून ठेवलंस हे?"

मी सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं, कारण हिल्काबाईंची तशी आज्ञा होती. मग आम्ही तिघांनी मिळून ते झाड वर नेलं. यावेळी सगळी दारं उघडी होती.

शनिवारी सकाळी कुलपात किल्ली फिरली. सिनिक्का! सोमवारी येणारी सिनिक्का! डोक्यावर टोपी नाही, केसांत बर्फ, आणि पायात बूट. आमच्या घरात बूट घालून आजवर कुणी उंबरा ओलांडलेला नाही. ती बुटांसकट थेट खजुरापाशी गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पानं बाजूला करून तिने मधल्या कोंबावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

मी कोपऱ्यात उभा होतो. मी हिचा समुद्र मारला, एवढंच मला कळत होतं, आणि रडू येत होतं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "आत हिरवा आहे. जुनी पानं जातील, पण हा वर येईल."

मग ती खुर्चीत बसली. मी खाली बसून तिचे बूट काढले. जीव इतका हलका झाला की मला तिची गंमत करावीशी वाटली.

"इतक्या लवकर कशी आलीस गं? कोट घातलेल्या बाईचं कानावर आलं वाटतं?"

"हिल्काचा फोन आला होता ना, गुरुवारी. म्हणाली, तुझा नवरा एका बाईला तुझा कोट घालून सौनात नेतोय."

माझी छाती थोडी फुगली. "मग? तू काय केलंस?"

"काय करणार? ताईला विचारलं, वेलचीचा गोड पाव अजून एक उरलाय का."

"आणि मग?"

"मग खाल्ला. काल रात्री तिचा परत फोन आला. बाई नव्हती, खजूर होता म्हणाली. तशीच उठले आणि स्टेशनकडे पळत सुटले!"