एका साखळीत दोन सायकली

कुलूप आणि किल्ली कधीही एका ठिकाणी ठेवायची नाही, हा कुलूपमास्तरांचा नियम होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तो ऐकवत, आणि गिऱ्हाईक घाईत असलं तर दोनदा. त्यामुळे त्या सकाळी सामान नेणारी व्हॅन पुढच्या लॉजकडे निघाली, तेव्हा त्यांनी सायकलींची साखळी आणि कुलूप स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि किल्ली व्हॅनमधल्या बॅगेत टाकली. त्यांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. (त्यांनी विचार केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण मास्तरांनी आयुष्यात घोळ घातले ते सगळे विचार न करण्याच्याच जागी.)

सहल बायकोची होती. ती हॉस्पिटलच्या शिवणखात्यात चादरींना आणि रुग्णांच्या कपड्यांना शिलाई मारता मारता निवृत्त झाली. तिच्या मशीनसमोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यातल्या एका पानावर समुद्राकाठचं राष्ट्रीय उद्यान होतं, काठाकाठाने जाणारी अरुंद वाट होती आणि वाटेवर दोन सायकली. महिना उलटला तरी तिने ते पान उलटू दिलं नव्हतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला तिथे सायकलवरून जायचंय. तुम्हीही चला. आणि तिथून आलो की मी ताईकडे राहायला जाते."

"किती दिवस?"

"कायमची."

मास्तर म्हणाले, "बरं."

म्हणायचं दुसरंच काहीतरी होतं, पण तोंडातून बाहेर पडलं ते 'बरं'. मुलगी परदेशी गेल्यापासून घरात दोनच माणसं आणि सात कुलपं उरली होती. कपाटाला कुलूप, गॅलरीला कुलूप, बिस्किटांच्या डब्यालासुद्धा एक छोटं. ती कामावरून यायची तेव्हा हे दुकानात, आणि हे यायचे तेव्हा ती झोपलेली. जेवण झाकून ठेवलेलं असे. बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आता या सहलीत तिला थांबवायचं होतं, आणि कसं ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यातून तिने निघतानाच बजावलं होतं, "हत्यारांची पेटी घरी राहील. मला एक पानासुद्धा दिसता कामा नये." पेटी घरी राहिली.

आभाळ सकाळपासून मळकट होतं. समुद्रही त्याच रंगाचा होता आणि काठावर सडलेल्या शेवाळाचा वास येत होता. कॅलेंडरवाल्याने यातलं काहीही छापलं नव्हतं. समोरून खारा वारा असा मारत होता की पायडल मारूनही सायकल जागची हलेना. बायको पुढे, मास्तर मागे. बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागत होतं, आणि 'जाऊ नकोस' हे काही ओरडून सांगण्यासारखं वाक्य नव्हे.

वाट किनाऱ्यावर उतरत होती तिथे वाळूत लाकडी खांब रोवलेले होते. "इथून पुढे चालत जाऊ," बायको म्हणाली. "त्या टोकावर पक्षी बसतात म्हणे."

मास्तरांनी दोन्ही सायकलींमधून साखळी ओवली, शेवटच्या खांबाभोवती फिरवली आणि कुलूप दाबून बंद केलं. कुलूप त्यांनी या सहलीसाठी मुद्दाम घडवलं होतं. कुठल्याही कुलूपवाल्याला उघडता येणार नाही, असं कुलूप. त्यांनी ते तीनदा ओढून पाहिलं, चार पावलं गेले आणि परत येऊन आणखी एकदा ओढलं. तोवर बायको एकटीच पुढे निघून गेली होती.

टोकावर पक्षी नव्हते. एक होता, तोही पाठ करून बसला होता. दोघं बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहत उभी राहिली. मास्तरांनी दोनदा घसा खाकरला. दुसऱ्यांदा खाकरल्यावर पक्षी उडाला.

परतले तेव्हा भरती सुरू झाली होती. सायकलींची चाकं निम्मी पाण्यात होती आणि शेजारी शिट्टी गळ्यात अडकवलेला वनरक्षक कमरेवर हात ठेवून उभा होता.

"या सायकली तुमच्या?"

"भाड्याच्या आहेत."

"काढा लवकर. किल्ली कुठाय?"

"बॅगेत."

"बॅग कुठाय?"

"व्हॅनमध्ये. व्हॅन लॉजवर पोचली असेल."

वनरक्षकाने आधी मास्तरांकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको समुद्राकडे पाहत होती.

"असं कोण करतं हो?"

"कुलूप आणि किल्ली एका ठिकाणी ठेवायची नसते," मास्तर म्हणाले. पाण्यात उभं राहून ते वाक्य दुकानातल्यासारखं वजनदार वाटलं नाही.

"मग तोडून टाका कुलूप."

"ते तुटत नाही."

"कोण म्हणतो?"

"मी म्हणतो. मीच बनवलंय!" मास्तरांची मान ताठ झाली, आणि लगेच खाली गेली. "खांबच उपटता येईल का?"

"साहेब, इथला शिंपला उचलला तरी मला वर कळवावं लागतं. खांब राष्ट्रीय उद्यानाचा आहे."

वनरक्षकाने कुठूनशी एक तार पैदा केली. मास्तरांनी बाह्या वर सारल्या आणि कुलपात तार घातली. लाटा गुडघ्याला लागत होत्या, चष्म्यावर खारं पाणी उडत होतं. त्यांनी तार वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. कुलूप हूं की चूं करेना. मास्तर रडकुंडीला आले होते, आणि त्याच वेळी आत कुठेतरी त्यांना त्या कुलपाचा भयंकर अभिमानही वाटत होता. वनरक्षक वाकून सल्ले देत होता. दोघांची डोकी दोनदा एकमेकांवर आपटली.

"झालं का?" काठावर बसलेल्या बायकोने विचारलं.

"होतंय."

आणखी काही लाटा गेल्या. मग ती उठली, पँटचे पाय दुमडले आणि पाण्यात आली.

"खांब केवढा आहे?" तिने विचारलं.

दोघांनी पहिल्यांदाच खांबाकडे पाहिलं. तो मास्तरांच्या कमरेइतका होता आणि वर मोकळा होता.

"धरा तिकडून," बायको म्हणाली. तिघांनी सायकली उचलल्या, साखळी खांबावरून वर सरकवली आणि अलगद बाहेर काढली. (वनरक्षक यानंतर फार थांबला नाही. जाताना त्याची पाठ हलत होती, आणि तो रडत नव्हता हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.)

सायकली खांबापासून सुटल्या, पण एकमेकींपासून नाही. त्यांच्यावर बसणं शक्य नव्हतं. एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून ढकलत लॉज गाठायचं, एवढंच उरलं. मास्तर भरभर चालले की बायकोचं हँडल समुद्राकडे वळे. ती थांबली की मास्तरांच्या नडगीवर पायडल बसे. थोड्या वेळाने झक मारत दोघांची पावलं सारखी पडू लागली.

आणि तेवढ्यात मास्तरांना आठवलं. ते जागच्या जागी थांबले. पायडल बसलं.

"काय झालं?"

"बॅगेलाही मी सकाळी सवयीने कुलूप दाबलंय," मास्तर म्हणाले.

"मग?"

"त्याची किल्ली हत्यारांच्या पेटीत. घरी."

बायकोने वळलेलं हँडल सरळ केलं. अंगावरचे कपडे ओले होते, कोरडे त्या बॅगेत होते आणि वारा तसाच मारत होता. मास्तरांना एकदम भडभडून आलं.

"मला काही जमत नाही बघ," ते म्हणाले. "कुलपंच जमतात, आणि तीही आज जमली नाहीत. तू जाते म्हणालीस तेव्हा मी 'बरं' म्हणालो. मला तसं म्हणायचं नव्हतं. काय म्हणायचं ते सुचलं नाही आणि तू स्वयंपाकघरात निघून गेलीस. मग दिवसभर दुकानात एकाच गिऱ्हाइकाची किल्ली घासत बसलो, ती घासून घासून संपली. जाऊ नकोस गं. रात्री घरी आलो की तुझ्या चपला दारात आहेत का ते आधी बघतो मी. रोज बघतो. सांगितलं नाही कधी."

बायको चालत राहिली, म्हणून मास्तरांनाही चालावं लागलं. मग बोलणं थांबेना. मुलीबद्दल बोलले, रिकाम्या घराबद्दल बोलले, बिस्किटांच्या डब्याचं कुलूप काढून टाकतो म्हणाले. अंधारून येताना लॉजचा दिवा दिसला. ओसरीवर त्यांची बॅग कुलूप मिरवत उभी होती.

बायकोने सायकल भिंतीला टेकवली. गळ्यातली दोरी ओढून तिने कपड्यांतून एक जुडगा बाहेर काढला, त्यातल्या एका किल्लीने बॅग उघडली आणि दुसरीने साखळीचं कुलूप. दोन्ही एका झटक्यात उघडली.

मास्तरांचा आ वासलेलाच राहिला. "हे... हे तुझ्याकडे होतं? मग तिथे पाण्यात का नाही..."

"तुम्ही विचारलंत का मला? वनरक्षकाला विचारलंत, खांब उपटू का म्हणून विचारलंत. मला एकदा तरी विचारलंत, तुझ्याकडे काही आहे का?"

मास्तर उघड्या कुलपाकडे पाहू लागले.

"वाटेत देणार होते. पण तुम्ही बोलायला लागलात. म्हटलं, चालू दे. किती वर्षांनी ऐकतेय."

तिने कोरडा टॉवेल काढून त्यांच्या अंगावर टाकला. मास्तरांनी तो डोक्यावर ओढून घेतला, म्हणजे तोंड दिसू नये. आतूनच त्यांनी विचारलं, "ताईंकडे..."

"जाईन. चार दिवस. ती वाट बघतेय." ती जुडगा परत गळ्यात घालत होती. "मग येईन. घराचीही आहे यात."

मास्तरांनी टॉवेलमध्ये लांब श्वास घेतला. जन्मभर त्यांना डुप्लिकेट किल्लीचा तिटकारा होता. आज पहिल्यांदाच जगात डुप्लिकेट किल्ली नावाची वस्तू आहे याचं त्यांना बरं वाटलं. मग त्यांच्यातला कुलूपवाला जागा झाला.

"पण ते कुलूप कोणालाच... केलीस कुठे ही किल्ली?"

"समोरच्या दुकानात."

समोरचं दुकान म्हणजे मशीनवर डुप्लिकेट किल्ल्या कापून देणारा तो मशीनवाला, ज्याला मास्तर गेली कित्येक वर्षं कारागीर मानायलाच तयार नव्हते.

"काय म्हणाला तो?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"मशीन लावावंच लागलं नाही म्हणाला, नुसत्या कानशीवर झाली. आणि तुम्हाला निरोप दिलाय."

"काय?"

"कधी अडलं तर मास्तरांना म्हणावं, संकोच करू नका."