मॉनिटरची टिकली

सुलभाताईंच्या कपाळावर मोठी मरून टिकली असते, आणि त्याच पाकिटातली दुसरी त्यांच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर असते. कपाळावरची मधोमध, मॉनिटरवरची खाली उजव्या कोपऱ्यात. नवख्या माणसाला वाटतं, बायका आरशाला चिकटवतात तशी आंघोळीच्या वेळी चिकटवली असेल आणि राहिली असेल. तसं कुणी म्हटलं की ताई भडकतात. "आरसा वाटला का तुम्हाला तो? सिस्टिम आहे ती!"

सिस्टिम म्हणजे पाठीला पोक आलेला जाडजूड मॉनिटर, पिवळा पडलेला कीबोर्ड आणि टेबलाखाली घरघरणारा एक डबा. या सगळ्याला ताईंनी स्वतः भरतकाम केलेले झगे शिवलेत. भाईंदरच्या खाऱ्या हवेत माणसांच्या खिडक्यांचे गज गंजून पडले, पण ताईंची सिस्टिम सुरू होते. मुर्धा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत दाखवण्यासारखं फारसं काही नाही. लिफ्ट आहे, ती चालत नाही. पण आमच्याकडे सुलभाताई आहेत, आणि हे मी ए विंगवाल्यांना मुद्दाम ऐकवतो.

ताईंनी सगळी नोकरी फोर्टातल्या एका कंपनीत केली. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र एसी खोली होती आणि आत जायचा मान फक्त चार जणांना. "आम्ही बुटं काढून आत जायचो," हे ताईंचं आवडतं वाक्य. "साहेब असला तरी बुटं बाहेर! सिस्टिम आहे ती, भाजीमंडई नाही." लग्न केलं नाही, आईला घेऊन गिरगावातून इथे आल्या, आई गेल्यावर एकट्याच राहिल्या. कंपनी बुडाली, खोलीही गेली. शिस्त मात्र इथे दुसऱ्या मजल्यावर शाबूत आहे. त्यांच्या दारात चप्पल काढूनच आत जावं लागतं.

जावं का लागतं? तर पेन ड्राइव्ह तपासायला. झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलेला पेन ड्राइव्ह म्हणजे ताईंच्या लेखी बाहेरून आलेलं माणूस. आधी हातपाय धुवायला हवेत, मग घरात. त्यामुळे बी विंगमधल्या कुणीही प्रिंट काढून आणली की परत येताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचं, हा आमच्याकडचा रिवाज. ताई झगा काढतात, मॉनिटरला नमस्कार करतात आणि अँटिव्हायरसचं बटण दाबतात. मग एक हिरवी पट्टी सरकायला लागते. सरकते म्हणजे काय, आपलं म्हणायचं. तेवढ्यात चहा होतो, पोहे होतात, समोरच्याच्या सुनेचं, सासूचं, गुडघ्याचं सगळं बोलून होतं. आणि पट्टी भरेपर्यंत उठायचं नाही. "ऑपरेशन चालू असताना पेशंटचे नातेवाईक घरी जातात का?"

पट्टी भरली की ताई मान डोलावतात. "क्लीन!"

आता खरी गोष्ट सांगतो. त्या टिकलीखाली एक तांबडी फुली आहे. अँटिव्हायरसची मुदत संपल्याची ती खूण. मुदत संपूनही इतकी वर्षं झालीत की त्या अँटिव्हायरसला ठाऊक असलेले व्हायरस आता म्हातारे होऊन मेले असतील. नवे व्हायरस ताईंच्या डब्यात सुखाने नांदतात आणि आलेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हबरोबर प्रसादासारखे घरोघर जातात. हे मला माहीत आहे, कारण मी एका कंपनीच्या कॉम्प्युटर सपोर्टमध्ये आहे. घरूनच काम करतो. दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्या माणसांना 'बंद करून परत चालू करा' सांगत असतो. आणि ताईंच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहतो.

त्यामुळे दुसरा रिवाज पडला. ताईंकडून 'क्लीन' होऊन आलेला माणूस एक जिना चढून माझी बेल वाजवतो. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन दारातूनच म्हणतात, "मंदारभाई, सुलभाताईने चेक कर दिया है. अब जरा साफ कर दो ना." किनाऱ्यावरच्या पाली गावाहून मासे घेऊन येणारी मार्सेलिन मुलीच्या लग्नाची पत्रिका पेन ड्राइव्हवर घेऊन आली होती. टोपली खाली, चप्पल बाहेर, तीही पट्टी भरेपर्यंत बसली. वर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, सरळ माझ्याकडे यायचं ना!"

"न्हाय रे बाबा," ती म्हणाली. "ताय एकटी हाय. तिला काय वाटंल?"

ताईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे बी विंगने न ठरवताच ठरवलं होतं. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. वाटायचं, बघा, एका बाईचा मान राखायला अख्खी विंग जिने चढते.

मग दिवाळीत पुण्याहून ताईंचा भाचा आला आणि नवाकोरा लॅपटॉप ठेवून गेला. चांगला मुलगा. जाताना जुनी सिस्टिम त्याने बांधून माळ्यावर टाकली. "मावशी, हा स्वतःच सगळं तपासतो. तुला काही करायला नको."

आणि तसंच झालं. हंसाबेन आल्या, पेन ड्राइव्ह लावला, लॅपटॉप म्हणाला सगळं ठीक. हंसाबेनची एक चप्पल अजून पायातच होती. चहाचं आधण ठेवायला ताई वळल्या होत्या, त्या तशाच परत फिरल्या. मार्सेलिन तर दारातूनच गेली. पेन ड्राइव्ह आता खरोखरच साफ असायचे, त्यामुळे माझीही बेल वाजेना. मला बरं वाटायला हवं होतं. पण ताईंचं दार दिवसभर बंद दिसायला लागलं, आणि मला ते बघवेना.

एका रविवारी सकाळी त्याच वर आल्या. "मंदार, माळ्यावरून माझी सिस्टिम काढून दे."

मी खाली जाऊन ती काढली, पुसली, वायरी जोडल्या. घरघर सुरू झाली. माळ्यावरच्या उकाड्याने टिकलीचा गोंद वाळला होता. माझा हात लागला आणि ती गळून पडली. खाली तांबडी फुली लखलखत होती, बाजूला चौकटीत ठळक अक्षरांत मुदत संपल्याचं लिहिलेलं. मी घाईघाईने त्यावर अंगठा ठेवला.

"काढ तो अंगठा," ताई म्हणाल्या. "एवढी वर्षं त्या खोलीत काढली मी. मला ते वाचता येत नाही असं वाटलं तुला?"

मी अंगठा काढला. "मग ताई, इतके दिवस..."

"तो नवा फार हुशार आहे रे. पण त्याच्यापाशी कुणी बसत नाही." त्यांनी पाकिटातून नवी टिकली काढली, फुलीवर नीट दाबली. "आणि इथून सगळे तुझ्याकडे जातात, तेही माहितीये मला. पावलं वर जाताना ऐकू येत नाहीत होय? म्हटलं जाऊ देत. दिवसभर त्या हेडफोनशी बोलत बसतोस. नाहीतर तुझी तरी बेल कोण वाजवतंय?"

मी पेन ड्राइव्ह शोधण्याच्या निमित्ताने खिसे चाचपायला लागलो. डोळे भरून आले होते, आणि ते ताईंना दिसायला नको होते. अख्खी विंग जिला सांभाळत होती, ती बाई खालच्या मजल्यावरून मला सांभाळत होती.

एवढ्यात दारात हंसाबेन. घरघर त्यांना जिन्यात ऐकू आली असावी. दोन्ही चपला काढून, हातात पेन ड्राइव्ह घेऊन त्या आत आल्या आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. त्या पेन ड्राइव्हमध्ये एकच भजन आहे, ते मी कितीदा तरी साफ केलंय. ताईंनी मॉनिटरला नमस्कार केला, बटण दाबलं आणि चहा टाकायला गेल्या.

चहा झाला, पोहे झाले, हंसाबेनचा गुडघा झाला. पट्टी भरली.

"क्लीन!" मी म्हणालो आणि उठलो.

"बस खाली," ताई म्हणाल्या आणि पुन्हा बटण दाबलं. "एकदा खात्री करून घेऊ."

मी बसलो.