करवंदबनातलं मागचं तोंड

एका जंगलात, बाळांनो, एक टेकडी होती आणि टेकडीवर नुसती करवंदं होती. तेव्हा तिला नाव नव्हतं. मग वराहशेठ नावाच्या रानडुकराने एका हंगामात ती सगळी उकरली. करवंदाच्या जाळ्या मुळासकट उपटल्या. मागच्या उतारावरची एक तेवढी राहिली, कारण तिचे काटे शेठच्या नाकात गेले. एवढं झाल्यावर त्याने टेकडीचं नाव ठेवलं : करवंदबन.

गेटवर पाटी लागली. तीत इतिहास होता. ‘येथे गजराज महाराज हवापालटासाठी येत. बाकी येथे काही नव्हते.’

मृदुलाने ही पाटी सासरी येताना वाचली. ती शेतउंदरांची मुलगी. ‘बाकी काही नव्हते’ त्यात तिचं माहेर होतं. पण नव्या सुनेने गेटपासूनच बोलायला लागू नये, म्हणून ती पुढे चालू लागली.

करवंदबनात एकशेवीस बिळं होती. सरळ रांगांत, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. क्लबहाऊस होतं, त्याला कुलूप होतं. जॉगिंग ट्रॅक होता, त्यावर मुंग्या होत्या. मृदुलाच्या सासूबाईंनी घर ठरवलं ते सॅम्पल बीळ बघून. त्याच्या कोनाड्यात चार पिस्ते मांडलेले होते. ताबा मिळाला तेव्हा कोनाडा होता.

आणि गेटवर राखणीला साप होता. धामण जातीचा, आठ हात लांब. सगळे त्याला धामणकाका म्हणत. “दाराशी सापच बसलाय म्हटल्यावर आत घुसायची कुणाची टाप आहे?” असं वराहशेठ विचारी. उंदरांना ते फार पटलं होतं.

आता शेतउंदरांत एक रीत आहे. नवी सून पुढच्या तोंडाने, माप ओलांडून आत येते. मग सासू तिला बिळाचं मागचं तोंड दाखवते, पळायचं. सून तिथून बाहेर पडते आणि वळसा घालून पुन्हा पुढून येते. त्यानंतरच लग्न लागलं असं धरतात.

मृदुलाने माप ओलांडलं आणि ती थांबली.

“आई, मागचं तोंड?”

“अगं, गेटेड आहे हे,” सासूबाई कुजबुजल्या. “इथं कुणी पळत नाही.”

वराहशेठ लाडू खायला आले होते. गळ्यातली साखळी सारखी करत म्हणाले, “वहिनी, पळायला लागू नये म्हणून तर लोक इथं घर घेतात!”

सगळे हसले. मुकुंदा, म्हणजे तिचा नवरा, सर्वांत आधी.

महिना गेला. मृदुला सगळं बघत असे. तिसऱ्या रांगेतल्या कणसेंचं दार बंद झालं.

“गावी गेले असतील,” सासूबाई म्हणाल्या.

मग कणसेंच्या शेजारचं दार बंद झालं. त्याच आठवड्यात धामणकाका मधोमध जरा फुगल्यासारखे दिसले.

“बैठं काम,” सासूबाई हळहळल्या. “पोट सुटणारच.”

एव्हाना मृदुलाला दिवस गेले होते. रोज दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ती धान्याच्या कोठीमागे उकरायला बसे. मागचं तोंड, अगदी अरुंद, एका उंदरापुरतं. अकराव्या दिवशी मुळं लागली. तिने वास घेतला. करवंद! त्या उरलेल्या जाळीखालीच ती निघाली होती.

पण माती लपत नाही. घुशेसाहेबांनी ती पाहिली. हे सोसायटीचे सेक्रेटरी. जातीने घूस. त्यांच्या सात पिढ्या भोकं पाडण्यात गेल्या, पण पद मिळाल्यापासून त्यांना भोक सहन होत नसे. नोटीस आली : ‘मूळ आराखड्यास बाधा. रविवारपर्यंत बुजवावे. पाहणीस धामणकाका येतील.’

“बुजव ना गं,” मुकुंदा काकुळतीला आला. “लोक काय म्हणतील?”

“अहो, कोणते लोक?”

मुकुंदाने दाराबाहेर डोकावून पाहिलं. रांगेत त्यांचं एकच दार उघडं होतं.

रविवारी धामणकाका आले. “जरा बघू द्या हं,” म्हणत डोकं आत आलं. मग मान आली. मानेमागून मान येतच राहिली.

“आई, चला,” मृदुला म्हणाली.

“अगं, घरी आलेत ते. निदान चहा तरी...”

“आई, रीत राहिलीय माझी. मागचं तोंड दाखवायचं.”

रीत म्हटल्यावर सासूबाई उठल्या. मुकुंदा सर्वांत आधी बाहेर पडला. सासूबाई अर्ध्यावर अडकल्या. मृदुलाने मागून ढकललं तेव्हा जाळीखाली जाऊन पडल्या. पाठोपाठ मृदुला निघाली, आणि तिच्या मागे धामणकाकांचं डोकं. तेवढंच. पोट आतच अडकलं. त्यात कणसे होते.

आता वळसा घालून पुढून आत गेलं की लग्न पुरं. पण पुढच्या दारातून काकांचं शेपूट बाहेर आलेलं होतं.

सोसायटीची तातडीची सभा भरली.

“गेट उघडं पडलंय!” घुशेसाहेब गरजले. “एका सुनेपायी सगळ्यांची सुरक्षा धोक्यात!”

उरलेल्या सगळ्यांनी मिळून काकांना शेपटीने बाहेर ओढलं. माफी मागितली. हार घातला.

वराहशेठ शहाणे. महिन्याभरात नवी पाटी लागली : ‘करवंदबन, फेज दोन. प्रत्येक बिळास मागचे तोंड! दोन्ही तोंडांवर चोवीस तास धामण!’ नव्या गेटसाठी ती शेवटची जाळीही गेली. बुकिंगच्या रांगेत सासूबाई पहिल्या होत्या. “आमच्या सुनेचीच कल्पना हो,” त्या मागच्यांना सांगत होत्या. “ये गं, उभी राहा इथं.”

मृदुला आली नाही. पलीकडच्या बिननावाच्या टेकडीवर ती उकरत होती. आधी मागचं तोंड. मुकुंदा माती बाहेर टाकत होता आणि मधूनमधून रांगेकडे बघत होता.

तात्पर्य : घर घेताना मागचं तोंड बघावं, असं तुम्हाला वाटेल, बाळांनो. तसं काही नाही. गेट बघावं. सगळे तेच बघतात, आणि जे काकांच्या पोटात गेले त्यांच्यापैकी एकानेही आजवर तक्रार केलेली नाही.