त्र्यंबकपंतांनी मुदतीआधी चाकरी सोडिली त्याची हकीकत

स्वस्ति. शके अठराशे आठ, व्ययनाम संवत्सर, कार्तिक मास. सकळ सोयरे, व्याही, शेजारी आणि तलावपाळीवर सायंकाळी बसोन नसते वर्तमान उठविणारे थोर गृहस्थ यांणी फर्माविले जे, ठाणे कचेरीचे अव्वल कारकून राजमान्य राजश्री त्र्यंबकपंत वैशंपायन यांणी मुदतीस सात वर्षे बाकी असता चाकरी सोडिली, त्यास कोणी म्हणतो वेड लागले, कोणी म्हणतो संन्यास घेतला, तरी खरे काय ते साद्यंत लिहावे. त्यावरून जे घडले ते, पदरचे काही न घालिता, निवेदन केले आहे.

पंतांचे वय अठ्ठेचाळीस, चाकरी अठ्ठावीस साल. मोडी अक्षर ऐसे की जैशी खाडीवर बगळ्यांची रांग. ओली शाई सुकविण्यास वाळू टाकणारा शिपाई अगोदर हात जोडी आणि मग वाळू टाकी. मौजे मोहने येथे उल्हास नदीचे काठी पंतांची वडिलार्जित जागा, दोन आंबे, एक फणस, आणि झाडांखाली दुपार. ती दुपार पंतांनी उभ्या चाकरीत पाहिली नव्हती. दहा वाजता कचेरी त्यांस गिळी ती दिवेलागणीस सोडी, आणि रविवारी दप्तरे घरावर चालून येत. मग आश्विन अखेरीस पंतांचे खातरेस आले जे, पाण्यावर दुपारचा उजेड कैसा मोडतो हे न पाहताच आपण म्हातारे होणार. तेच घडीस मोहिमेचा संकल्प जाहला.

परंतु सरकारचा कायदा दुर्घट. मुदतीआधी पेनशन पाहिजे तर कारकुनाचा हात निकामी जाहला पाहिजे, आणि त्याचा पुरावा म्हणजे त्याचेच हातचा अर्ज. पंतांचा अंगठा वर्षभर बोरू धरिता ठणके, ही गोष्ट खरी. परंतु ठणका कागदावर उमटत नाही.

प्रथम चढाई बलिप्रतिपदेनंतर जाहली. पंतांनी नवा बोरू तासिला, शाई घोटली, आणि "हात थरथर कापतो, अक्षर लागत नाही" ऐसा मजकूर इतक्या नेटक्या वळणाने लिहिला की एक काना ढळला नाही. साहेब बहादुरांनी अर्ज उजेडाकडे धरोन पाहिला आणि हुकूम फर्माविला जे, कापत्या हाताचे हे अक्षर, तर स्थिर हाताचे काय असेल. सबब अर्ज नामंजूर, आणि सर्व कारकुनांनी हाच कित्ता समोर ठेवोन गिरवावा. मग आठ दिवस अवघी कचेरी "हात थरथर कापतो" ऐसे घोटीत बसली. पंत घरी आले ते पराभूत. परंतु मिशीत हसत होते, ही गोष्ट कुटुंबाचे नजरेतून सुटली नाही.

दुसरी मसलत स्नेही परशुरामपंत कारकून यांची. त्यांचे मत पडले जे, उजवा हात फितूर आहे, डाव्याने लिहावे. मग पंत रोज प्रातःकाळी डाव्या हातास कवाईत देऊ लागले. चार दिवस अक्षरे जखमी सैन्यासारखी लोळली आणि परशुरामपंतांनी पेढे आणविले. पाचवे दिवशी अक्षरे उठली, सातवे दिवशी रांगेत उभी राहिली, आणि नववे दिवशी डाव्याचे वेलांटीपुढे उजव्याने मान खाली घातली. पंतांस हर्ष मावेना. पेढे परत गेले.

ते समयी सौभाग्यवती गोदूबाई, ज्या आजवर तटस्थ होत्या, त्या ओटीवर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, चाकरी सोडायची आहे, की साहेबाची शाबासकी हवी आहे? एक काय ते ठरवा."

पंतांनी उत्तर केले जे, अक्षर वाईट काढणे हातून होत नाही.

"होत नाही कसं? मनातून नकोय. अठ्ठावीस वर्षं दुपारी भिंतीशी बोलते मी. आता भिंतसुद्धा कंटाळली असेल."

हा वार वर्मी लागला. पंतांनी बोरू खाली ठेविला. मग गोदूबाईंनी बोरू आपले हाती घेतला. त्या माहेरी कल्याणास भावाचे धूळपाटीवर चोरून बाळबोध शिकल्या होत्या, ही गुप्त कुमक आजवर कोणास ठाऊक नव्हती. त्यांची अक्षरे वाऱ्यात खाडी उतरणाऱ्या माणसांसारखी, एकमेकांस धरोन, परंतु पार जाणारी. लिहिले जे, यांचा अंगठा ठणकतो, म्हणोन मी लिहिते. यांस मोकळे करावे. परशुरामपंतांनी दाखला दिला जे, परहस्ते अर्जही चालतो, मात्र हातचा पुरावा म्हणोन खाली नाव न लिहिता निरक्षर कुणबी करितो तैशी नांगराची निशाणी करावी लागेल, आणि तीही साहेबाचे समक्ष.

कार्तिक वद्य पंचमीस कचेरी भरली. अवघे कारकून बोरू टाकोन उभे. साहेबांनी अर्ज वाचविला आणि पंतांस फर्माविले, निशाणी करणे. पंतांनी अठ्ठावीस साल हजारो निशाण्यांशेजारी त्या त्या कुणब्याचे नाव आपले सुंदर अक्षरे लिहिले होते. आज बोरू कागदावर टेकला आणि सवयीने आपले नावाचे पहिल्या अक्षराकडे धावला. पंतांनी तो आवरिला. जन्माची कीर्ती एकीकडे, उल्हासेचा काठ एकीकडे. परशुरामपंत हळूच वदले, "पंत, आता मागं फिरू नका हो."

आणि तेव्हा पंतांचा हात खरोखर कापला. रुमणे, म्हणजे नांगराची मूठ, एकीकडे गेले, फाळ आभाळाकडे वळला, आणि मधोमध शाईचा डाग पडला. ऐसा नांगर कोणत्याही शेतात चालला नसता. साहेबांनी नांगराकडे पाहिले, पंतांकडे पाहिले, आणि मंजुरीची सही केली. वाळू टाकणारे शिपायाने या खेपेस हात जोडिले नाहीत. तो डोळे पुशीत होता.

येणेप्रमाणे शके अठराशे आठ, कार्तिक वद्य पंचमीस, हस्ताक्षराचा बिकट कोट सर जाहला. आपले बाजूस एक नाव कामास आले, दुसरी हानी नाही. त्रयोदशीस पंत सहकुटुंब कल्याणावरून बैलगाडीने मोहन्यास दाखल जाहले. दुसरे दिवशी, ठाण्यास कचेरी भरते त्या समयी, पंत फणसाखाली निजले. सूर्य माथ्यावरून ढळला आणि उजेड नदीत उतरला, तो गोदूबाईंनी एकटीने पाहिला. पंतांस कोणी उठविले नाही.