हौसरावांनी पत कशी उभी केली

पत हीच मनुष्याची खरी संपत्ती होय, आणि ज्याला कशाचीच गरज नसते त्याच्यापाशीच ती सुखानं नांदते, असं शास्त्राचं नसलं तरी दौंडच्या बाजारपेठेचं ठाम मत आहे.

रेल्वेच्या लोको शेडमधले खलाशी हौसराव यांची पत शेडमधल्याच सोबत्यामुळे, गेणबामुळे गेली. गेणबानं पतपेढीचं कर्ज काढून रेडिओ घेतला, हौसराव त्याला जामीन राहिले, आणि गेणबा रेडिओसकट गावातून नाहीसा झाला. हप्ते हौसरावांच्या पगारातून कापले गेले. (यात पळणाऱ्याची पत जात नाही. तो जागेवर नसल्यानं ती मोजता येत नाही. जामीनदार मात्र घरीच सापडतो.) वाण्यानं उधारी बंद केली. चहावाला पैसे हातात पडल्यावरच दूध ओतू लागला.

तेही निभलं असतं. पण त्यांच्या बायकोला, रंभेला, शिलाई मशीन हवं होतं. ती शिवण शिकलेली होती, शाळेच्या गणवेशांचं काम तिला कबूल झालं होतं, आणि शाळा जूनमध्ये उघडणार होती. मशीन हप्त्यानं मिळत होतं. फक्त दुकानदार जामीनदार मागत होता, आणि पत गेलेल्या हौसरावांना जामीन राहायला कोणी तयार नव्हतं. रंभा येता-जाता त्या दुकानापुढं थांबायची आणि उभ्या उभ्याच तिचा पाय हलायचा. हौसरावांना ते बघवत नसे.

"कर्ज घ्या," हौसरावांनी सल्ला विचारल्यावर पतपेढीचे चिटणीस शंकरराव म्हणाले. "घ्या आन् येळेवर फेडा. चार लोकांनी बघितलं की पत आपसूक येती."

"पन पत न्हाई तर कर्ज देनार कोन?"

"ते तुमचं तुम्ही बघा. सगळंच पतपेढीनं सांगायचं व्हय?"

हौसरावांनी बघितलं. मशीनच्या पहिल्या हप्त्याचे पन्नास रुपये डब्यात होते. ते त्यांनी गुपचूप आपले मेव्हणे पोपटराव यांच्या हाती दिले आणि आठवडे बाजारात, ऐन गर्दीत, साक्षीदार उभे करून त्यांच्याकडूनच व्याजानं मागून घेतले. महिनाअखेर त्याच नोटा भर बाजारात परत केल्या, वर व्याज. मुद्दल रात्री घरी आलं. व्याज आलं नाही.

"दाजी, कर्ज म्हंजी कर्ज," पोपटराव म्हणाले. "नात्यात येव्हार आनू नका."

असं पाच महिने चाललं. हौसरावांनी चहा सोडला, तंबाखू सोडली आणि व्याज भरलं. योजना अपेक्षेबाहेर यशस्वी झाली. दौंडात पत खरोखरच वाढली. पोपटरावांची. कालपर्यंत बिडी मागून ओढणारा माणूस सावकार निघाला म्हटल्यावर वाणी त्यांना गादीवर बसवू लागला, चहावाला न मागता साय घालू लागला, आणि पतपेढीनं त्यांना बिनविरोध संचालक केलं. हौसरावांचंही नाव निघे, नाही असं नाही. फेडतो बिचारा वेळेवर, लोक म्हणत, पण दर महिन्याला बायकोच्या भावापुढं हात पसरतो हो!

मे संपत आला तसे नवरा-बायको जामीनकीचा कागद घेऊन पोपटरावांकडे गेले. पोपटरावांनी चष्मा लावला. (चष्मा नवा, उधारीचा. नजर पहिल्यापासून उत्तम.)

"राग मानू नका, दाजी. मी आता संचालक हाय. दर म्हयन्याला कर्ज काढनाऱ्या मानसाला जामीन कसा ऱ्हाऊ?"

"आरं, पैसं माझंच हुतं की!"

"ते तुमाला ठावं, मला ठावं. बाजारानं काय बघितलं?"

"दादा," रंभा म्हणाली, "मला मशीन पायजेल रं." तिचे डोळे भरून आले, आणि हौसरावांना आयुष्यात पहिल्यांदा गेणबाचा हेवा वाटला.

दुकानदारानं मशीन शनिवारपर्यंत राखून ठेवलं आहे. हौसराव सचोटीचे आहेत, याविषयी सुज्ञ वाचकांच्या मनात आता तिळमात्र शंका नसेल. पोपटरावांची तर तुम्हांला चीडच आली असेल. ऐकून फार बरं वाटलं. कागदावर जामीनदाराची जागा अजून मोकळीच आहे. हे घ्या पेन.

अहो, पान का उलटताय?